आईचे किलो, बाळाचे ग्रॅम

बाळ झाल्याची बातमी आली की आपल्याकडे पहिला प्रश्न कोणता विचारला जातो, हे सांगण्याची गरज नाही. दुसरा प्रश्न मात्र हमखास ‘वजन किती?’ हाच असतो. तीन किलोच्या पुढचा आकडा ऐकला की घरभर समाधान पसरते. अडीचच्या खालचा ऐकला की बोलणाऱ्यांचे आवाज खाली येतात, आणि थोड्याच वेळात सूनबाईने नऊ महिन्यांत काय खाल्ले, काय टाकले, किती वेळा नाही म्हटले, याची उजळणी सुरू होते. डॉक्टरांनी आधीच सांगितलेले असते, ‘आईचे वजन वाढत नाही.’ म्हणजे आरोपी ठरलेली असते, पुरावाही काट्यावर असतो. खटला चालवण्याचे कारणच उरत नाही.

हा खटला जरा नीट चालवून पाहावा, एवढ्यासाठीच हा लेख.

गरोदरपणात आईचे वजन वाढते म्हणजे नेमके काय वाढते? अंगाने बरी असलेल्या स्त्रीचे वजन नऊ महिन्यांत साडेबारा किलोंच्या आसपास वाढते असे धरले, तर त्यात बाळाचे सव्वातीन-साडेतीन किलो असतात. वार सहाशे-सातशे ग्रॅमची, गर्भजल पाऊण किलोच्या पुढे, वाढलेले गर्भाशय जवळजवळ एक किलो, स्तनांची वाढ चारशे ग्रॅमच्या घरात. आईच्या शरीरातले रक्तच सव्वा-दीड किलोने वाढते, अंगात तेवढेच पाणी साठते, आणि उरलेले तीन-सव्वातीन किलो म्हणजे निव्वळ चरबी. ही चरबी काही सुखवस्तूपणाची खूण नव्हे. बाळंतपणानंतर अंगावर पाजण्यासाठी निसर्गाने बांधून दिलेली ती शिदोरी असते.

आता दुसरा आकडा पाहा. डायन कॉफी या संशोधिकेने आपल्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतल्या २००५-०६च्या आकडेवारीवरून मांडलेला हिशेब २०१५ साली प्रसिद्ध झाला. भारतीय स्त्रीचे वजन गरोदरपणात सरासरी सात किलोच वाढते, असे त्यात निघाले. सात किलोंत बाळ, वार, गर्भजल, गर्भाशय आणि थोडे रक्त एवढेच कसेबसे बसते. शिदोरीचे गाठोडे रिकामेच राहते. आणि हे झाले वाढीचे. ज्या वजनावर ही वाढ व्हायची, ते मूळ वजन तर आणखी चिंतेचे. दिवस राहण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या भारतीय स्त्रियांपैकी ४२.२ टक्के कमी वजनाच्या होत्या. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत हेच प्रमाण १६.५ टक्के होते. ज्या देशांकडे आपण दारिद्र्याचे उदाहरण म्हणून बोट दाखवतो, तिथली बाई आई होण्याच्या वेळी आपल्या बाईपेक्षा अंगाने बरी होती.

अमेरिकेतल्या वैद्यकीय संस्थेने २००९ साली ठरवून दिलेला दंडक सांगतो, की जी स्त्री मुळात कृश आहे तिचे वजन साडेबारा ते अठरा किलो वाढावे, मध्यम अंगाची असेल तर साडेअकरा ते सोळा, आणि लठ्ठ असेल तर पाच ते नऊ किलो पुरे. तत्त्व साधे आहे. ज्याच्या कणगीत धान्य कमी, त्याने जास्त भरावे. आपल्याकडे नेमके उलटे घडते. जिच्या अंगावर मुळात काही नाही तिचे सहा-सात किलोंवर थांबते, आणि जिला सात किलो पुरेसे आहेत तिच्या माहेराहून डिंकाच्या लाडवांचा डबा येतो.

यावर सोपा उपाय सुचतो तो असा, की कृश बाईला भरपूर खायला घाला, बाळ आपोआप मोठे होईल. हे खोटे नाही, पण पुरते खरेही नाही.

उपासमार झाली तर बाळ लहान होते, याचा सर्वांत क्रूर पुरावा १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये मिळाला. जर्मन नाकेबंदीमुळे शहरांतले रेशन हजार उष्मांकांच्याही खाली गेले. ज्या स्त्रियांचे शेवटचे तीन महिने त्या उपासमारीत गेले, त्यांची बाळे सुमारे तीनशे ग्रॅमने हलकी जन्मली. आफ्रिकेतल्या गांबियातला अनुभव याचीच दुसरी, सुखाची बाजू दाखवतो. तिथल्या खेड्यांत गरोदर स्त्रियांना शेंगदाण्याची पौष्टिक बिस्किटे रोज दिली गेली. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बाळांचे वजन सरासरी १३६ ग्रॅमने वाढले, आणि पावसाळ्यातल्या टंचाईच्या महिन्यांत, जेव्हा शेतात काम जास्त आणि घरात धान्य कमी असते, तेव्हा तर २०१ ग्रॅमने.

पण भूक भागली की हा हिशेब एकदम मंदावतो. अमेरिकेतल्या मिशिगन आणि न्यू जर्सी या राज्यांतल्या पाच लाखांहून अधिक मातांच्या एकाहून अधिक बाळंतपणांची तुलना करणारा एक अभ्यास २०१० साली आला. एकाच आईच्या दोन गरोदरपणांची तुलना असल्याने घराणे, अंगकाठी यांचा प्रश्न बाजूला पडला. आईच्या वाढलेल्या प्रत्येक किलोमागे बाळाच्या वजनात भर पडली ती सुमारे सात ग्रॅमची. आठ-दहा किलो वाढलेली आई आणि चोवीस किलोंहून जास्त वाढलेली आई यांच्या बाळांत फरक निघाला सुमारे दीडशे ग्रॅमचा. पंधरा किलोंचे दीडशे ग्रॅम! ‘दोन जिवांचे खा’ म्हणणाऱ्या आत्याबाईंनी हा व्यवहार एकदा कागदावर मांडून पाहावा.

मग आपल्याकडची बाळे लहान का? या प्रश्नाचा आजवरचा बहुधा सर्वांत प्रामाणिक शोध आपल्या पुण्याजवळच्या सहा खेड्यांत घेतला गेला, आणि त्याचा आपल्याला जेवढा अभिमान वाटायला हवा तेवढा वाटत नाही. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल, डेव्हिड बार्कर यांच्या साथीने १९९३ साली हे काम हाती घेतले. त्यातले कौतुक असे, की गरोदर बायका दवाखान्यात येण्याची वाट पाहिली गेली नाही. गावातल्या विवाहित स्त्रियांची दिवस राहण्यापूर्वीच उंची-वजने घेतली गेली, दर महिन्याला घरी जाऊन पाळीच्या तारखा नोंदल्या गेल्या, आणि मग ज्यांना दिवस गेले त्यांच्यामागे बाळ हाती येईपर्यंत, आणि नंतरही वर्षानुवर्षे, ही मंडळी चालत राहिली. मूळ वजन ठाऊक नसेल तर वाढ कशी मोजणार? इतकी साधी गोष्ट, पण आपल्या नेहमीच्या व्यवस्थेत ती होत नाही. आपल्या गरोदर स्त्रीचे पहिले वजन होते ते बहुधा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. पुढे कार्डावरच्या रकान्यात आकडे भरले जातात, वजाबाकी मात्र फारशी कोणी करत नाही.

त्या खेड्यांतली सरासरी आई एकवीस वर्षांची, पाच फुटांच्या जवळपास उंचीची आणि बेचाळीस किलोंची होती. बेचाळीस किलो! तिची बाळे सरासरी २.७ किलोंची झाली, तर साउथहॅम्प्टनची ३.५ किलोंची. इथवर आश्चर्य काही नाही. आश्चर्य पुढे आहे. आईने किती उष्मांक खाल्ले, किती प्रथिने खाल्ली, याचा बाळाच्या आकाराशी संबंधच लागेना. संबंध लागला तो हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांच्याशी. जी बाई एक दिवसाआड का होईना पालेभाजी खात होती तिचे बाळ मोठे होते, आणि हा फरक सर्वांत ठळक दिसला तो चाळीस किलोंच्या आतल्या बायकांत. मेथी, चाकवत, शेपू, अंबाडी. ज्या भाज्यांना आपण ‘पाला’ म्हणून नाक मुरडतो, त्यांनी बाळाच्या वजनाच्या बाबतीत भाकरीच्या चवडीला मागे टाकले.

दुसरा निष्कर्ष तर आपल्या ‘वजन किती?’ या प्रश्नालाच सुरुंग लावणारा आहे. पुण्याच्या बाळांचे नुसते वजन न करता त्यांचे दंड, पोट, डोके, लांबी आणि पाठीवरच्या कातडीची जाडी मोजली गेली. इंग्रज बाळांच्या तुलनेत ही बाळे सर्वच बाबतींत लहान होती, पण सारखी लहान नव्हती. सर्वांत मोठी तूट होती पोटाच्या घेरात, म्हणजे यकृतासारख्या आतल्या अवयवांत, आणि दंडात, म्हणजे स्नायूंत. सर्वांत कमी तूट होती पाठीवरच्या चरबीत. एवढेसे अडीच-पावणेतीन किलोंचे बाळ, पण आपल्या आकाराच्या मानाने चरबी राखून जन्मलेले. २००३ साली हे जगापुढे आले तेव्हा या बाळाला कृश तरीही स्थूल असे नाव मिळाले. बार्कर यांनी १९८९पासून सांगायला सुरुवात केली होती की पोटात असताना झालेल्या आबाळीची किंमत माणूस पन्नाशीत हृदयविकाराने चुकवतो. आपल्याकडच्या घरटी मधुमेहाचे एक मूळ या पाठीवरच्या चरबीत सापडते. डॉ. याज्ञिकांनी २००४ साली आपले आणि एका इंग्रज सहकाऱ्याचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले होते. उंचीच्या मानाने वजन दोघांचे अगदी सारखे, पण इंग्रज गृहस्थांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के. वजनाचा काटा काय काय लपवतो, ते त्या एका चित्रात आहे.

म्हणून ‘बाळ मोठे व्हावे’ एवढेच उद्दिष्ट ठेवले तर आपण फसू शकतो. काय मोठे व्हावे, हे विचारले पाहिजे. शहरी मध्यमवर्गात आजकाल जे चालले आहे ते यासाठीच धोक्याचे वाटते. सोनोग्राफीच्या अहवालात ‘बाळाचे वजन थोडे कमी’ असे शब्द आले की घरात धावपळ सुरू होते. प्रोटीन पावडरचे डबे, शहाळी, तूप-साखर, दुपारची सक्तीची झोप. आईचे वजन वाढते, आणि त्याबरोबर तिच्या रक्तातली साखरही. ही साखर वारेतून थेट बाळाकडे जाते, बाळाचे स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवू लागते आणि बाळ फुगते. साडेतीन-चार किलोंचे गुटगुटीत बाळ पाहून आपण पेढे वाटतो. गुटगुटीत बालकांच्या स्पर्धा भरवणारा आपला समाज, त्याला हे सांगणे कठीण. पण तेही बाळ पुढच्या मधुमेहाचाच उमेदवार असते. २०१९-२१च्या पाहणीत देशातल्या स्त्रियांपैकी १८.७ टक्के कृश होत्या आणि २४ टक्के गरजेपेक्षा जाड. दोन्ही टोके एकाच देशात, कित्येकदा एकाच घरात, आणि एकाच बाईच्या आयुष्यात: पंधराव्या वर्षी चाळीस किलोंची मुलगी पस्तिसाव्या वर्षी साखरेच्या गोळ्या घेत असते.

खेड्यातली म्हातारी बाई बरोबर उलटा सल्ला देते. जास्त खाऊ नकोस, बाळ मोठे झाले की अडेल. पोटात अन्नच भरले तर बाळाला जागा कुठून राहणार? यावर हसायची शहरी सवय मला बरी वाटत नाही. सोळाव्या वर्षी लग्न झालेली, कंबरेची हाडे पुरती न वाढलेली पोरगी, जवळ डॉक्टर नाही, शस्त्रक्रिया नाही. अशा जगात मोठे बाळ म्हणजे आईचा मृत्यू, हे त्या बाईने डोळ्यांनी पाहिलेले असते. तिचे शरीरशास्त्र चुकीचे असेल, भीती खोटी नाही. आणि ती पोरगी अजून आहे. २०१९-२१च्या त्याच पाहणीत महाराष्ट्रात विशीतल्या, म्हणजे वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांचे लग्न अठराच्या आत झालेले होते.

खाण्याइतकीच महत्त्वाची, पण आपण बोलतच नाही अशी गोष्ट म्हणजे काम. पुण्याच्याच त्या अभ्यासात दिसले, की गरोदरपणाच्या पहिल्या सहा-सात महिन्यांत ज्या बायका शेतीची आणि पाणी आणण्याची जड कामे करत राहिल्या, त्यांची बाळे लहान झाली. आता बीडहून, उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिवहून, दरवर्षी दिवाळीच्या सुमारास निघणाऱ्या ऊसतोड कामगारांचा विचार करा. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘कोयता’ म्हणतात. उचल जोडीने घेतलेली, त्यामुळे बाई गरोदर आहे म्हणून अर्धा कोयता घरी राहू शकत नाही. पहाटे थळात, दिवसभर तोड, मग उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणे. हे पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत, कित्येकदा त्याच्याही पुढे. अशा बाईला ‘वजन का वाढत नाही?’ असे कोणी विचारले, तर तिने काय उत्तर द्यावे?

घरातली उतरंडही वजनावर उमटते. कॉफी, रितिका खेरा आणि डीन स्पिअर्स यांनी एकत्र कुटुंबांतल्या जावाजावांच्या मुलांच्या उंची ताडून पाहिल्या. घर एक, चूल एक, जमीन एक, तरी धाकट्या जावेची मुले थोरलीच्या मुलांपेक्षा ठेंगणी निघाली. शेवटी जेवायला बसणारी आणि सर्वांत आधी उठणारी कोण, हे मुलांच्या हाडांत लिहिले गेले.

या सगळ्यावर काही करून पाहिले का? पाहिले, आणि तेही मुंबईच्या झोपडपट्ट्यांत. २००६ साली सुरू झालेल्या प्रयोगात हजारो स्त्रियांना, दिवस राहण्याच्या आधीपासून, पालेभाज्या, फळे आणि दुधाचा समोशासारखा खाऊ रोज दिला गेला. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला तसाच दिसणारा बटाटा-कांद्याचा. २०१४ साली निष्कर्ष आले तेव्हा उत्साही मंडळींची निराशा झाली. सगळ्या बायका मिळून पाहिले तर बाळांच्या वजनात मोजण्याजोगा फरक नव्हता. ज्यांनी दिवस राहण्यापूर्वी निदान तीन महिने तो खाऊ खाल्ला होता, त्यांच्या बाळांत ४८ ग्रॅमची भर पडली. पण तीही अंगाने बऱ्या असलेल्या बायकांत जास्त, आणि ज्या सर्वांत कृश, त्यांच्या बाळांना काहीच लाभ नाही. मातांचा मधुमेह मात्र पुष्कळ कमी झाला, १२.४ टक्क्यांवरून ७.३ वर. ही काही लहान गोष्ट नव्हे.

कृश बायकांनाच लाभ का झाला नाही? मला त्याचा अर्थ असा दिसतो, की ज्या शरीराची स्वतःचीच वर्षानुवर्षांची थकबाकी आहे, ते हाती आलेले आधी स्वतःच्या खात्यावर जमा करते. बाळाच्या वाट्याला येईपर्यंत ते संपलेले असते. म्हणजे गरोदरपणाचे नऊ महिने सोडाच, त्याआधीचे तीन महिनेही तिला अपुरे पडतात. तिची उंची तिच्या बालपणीच ठरली, तिचे हाड तिच्या किशोरवयात. बाळाचे वजन आपण प्रसूतिगृहात करतो, पण ते ठरायला सुरुवात झालेली असते आईच्या शाळेच्या दिवसांत.

आणि नेमक्या याच दिवसांकडे आपली सरकारी व्यवस्था पाठ फिरवून उभी आहे. १९७५ साली सुरू झालेली अंगणवाडी गरोदर बाईला रोज सहाशे उष्मांकांचा जादा आहार देते. घरी नेलेल्या पाकिटाचे पुढे सगळ्या घराचे जेवण होते, हा भाग वेगळा. आदिवासी भागात २०१५पासून अमृत आहार योजनेत तिला एक वेळचे गरम जेवण अंगणवाडीत मिळू लागले, ही सुधारणा मोठीच. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर स्त्रीला किमान सहा हजार रुपये देण्याचे वचन दिले. २०१७मध्ये प्रत्यक्षात आलेल्या योजनेने ते पहिल्या बाळापुरते पाच हजारांवर आणले, आणि २०२२पासून दुसऱ्या वेळी मुलगी झाली तरच सहा हजार. पण हे सगळे दिवस राहिल्यावर.

त्याआधी काय? शाळेतले दुपारचे जेवण आठवीपर्यंत मिळते. नववीत गेलेली मुलगी, वय चौदा, अंगाने भराभर वाढण्याचे दिवस, पाळी सुरू झालेली, रक्त कमी. तिचे ताट तिथे थांबते. शाळा सुटली तर तिला कोणी विचारतही नाही. चौदा ते अठरा वयाच्या मुलींसाठी केंद्राची जी किशोरी योजना आहे, ती ईशान्येकडची राज्ये सोडता २०२२पासून निवडक मागास जिल्ह्यांपुरतीच आहे. महाराष्ट्रात गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव. बीडच्या मुलीला नाही, पालघरच्या मुलीला नाही, मुंबईच्या झोपडपट्टीतल्या मुलीला नाही. तिचे नाव सरकारी आहाराच्या यादीत पुन्हा लागते ते लग्न होऊन, दिवस राहून, अंगणवाडीताईंच्या वहीत ‘गरोदर माता’ म्हणून नोंद झाल्यावर. तोवर ती बेचाळीस किलोंची झालेली असते, आणि ताई तिला काट्यावर उभे करून विचारतात, मागच्या महिन्यापेक्षा किती वाढले?